दरफाळणीचा सण : योम किप्पूर आणि प्रायश्चित्ताची ज्यू परंपरा

ज्यू पंचांगातील तिश्री महिन्याचा दहावा दिवस ‘योम किप्पूर’ म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस म्हणून पाळला जातो, आणि या धर्माच्या वर्षभरातील पवित्र दिवसांमध्ये त्याचे स्थान सर्वांत वरचे मानले जाते. ‘योम’ या हिब्रू शब्दाचा अर्थ दिवस असा आहे, तर ‘किप्पूर’ हा शब्द ज्या धातूपासून बनला त्याला झाकणे, पुसून टाकणे, शुद्ध करणे असे अर्थ जोडले जातात. एरवी धर्माचे इतर नियम फारसे न पाळणारे अनेक ज्यू या एका दिवशी उपवास करतात आणि सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, हजर राहतात. महाराष्ट्राच्या दृष्टीने या दिवसाला आणखी एक महत्त्व आहे. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या आणि मराठी हीच मातृभाषा असलेल्या बेने इस्राएल समाजाने हा दिवस ‘दरफाळणीचा सण’ या नावाने जपला, आणि हे मराठी नाव त्या दिवसाच्या गाभ्याजवळ कसे जाते हे पाहण्यासाठी आधी मूळ परंपरा समजून घ्यावी लागते.

तिथी आणि तिचे स्थान

ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी तारे दिसू लागल्यावर संपतो, त्यामुळे हा उपवास नवव्या दिवसाच्या संध्याकाळी सूर्य मावळण्यापूर्वी धरला जातो आणि सुमारे 25 तासांनी सोडला जातो. ज्यूंचे महिने चंद्रावर चालतात, पण सण ऋतूंपासून दूर सरकू नयेत म्हणून 19 वर्षांच्या चक्रात 7 वेळा एक जादा महिना धरला जातो. मराठी पंचांगातील अधिक मासाची योजनाही याच कारणासाठी आहे. परिणामी योम किप्पूर नेहमी सप्टेंबर किंवा ऑक्टोबरमध्ये आणि भाद्रपद किंवा आश्विन शुद्ध दशमीच्या आसपास येतो. 2025 मध्ये तर योम किप्पूर आणि दसरा हे दोन्ही 2 ऑक्टोबरलाच आले होते. ज्यू पंचांगाची रचना अशी आहे की हा दिवस शुक्रवारी किंवा रविवारी कधीच येत नाही, कारण तसे झाले तर शब्बाथ, म्हणजे शनिवारचा साप्ताहिक विश्रामदिन, आणि हा दिवस पाठोपाठ येऊन सलग दोन दिवस चूल पेटवणे किंवा मृताचे दफन करणे अशक्य होईल. हा दिवस शनिवारीच आला, तर मात्र शब्बाथला उपवास करू नये हा एरवीचा नियम बाजूला ठेवून उपवास पाळला जातो, आणि हा मान दुसऱ्या कोणत्याही उपवासाला नाही.

योम किप्पूर एकटा येत नाही. तिश्रीच्या पहिल्या तारखेला ‘रोश हशाना’ हा नववर्षाचा दिवस असतो आणि तेथपासून दहाव्या दिवसापर्यंतचा काळ ‘पश्चात्तापाचे दहा दिवस’ म्हणून ओळखला जातो. परंपरेची कल्पना अशी आहे की नववर्षदिनी प्रत्येक माणसाच्या वर्षाचा निर्णय लिहिला जातो आणि योम किप्पूरच्या अखेरीस त्यावर मोहोर उमटते, म्हणून मधले दिवस निर्णय पालटण्याची संधी देणारे आहेत. त्याआधीचा संपूर्ण एलूल महिनाही तयारीचा असतो. विशेषतः सेफार्दी प्रथेचे ज्यू, म्हणजे स्पेन व भूमध्य समुद्राच्या प्रदेशातून पसरलेली प्रार्थनापरंपरा मानणारे लोक, या महिन्यात पहाटे उठून ‘सेलिहोत’ नावाच्या क्षमायाचनेच्या प्रार्थना म्हणतात.

यरुशलेमच्या मंदिरातील विधी

या दिवसाचा मूळ आधार तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तके, यांतील लेवीय नावाच्या तिसऱ्या पुस्तकात आहे. त्याच्या सोळाव्या अध्यायात या दिवशी मुख्य याजकाने करावयाचा विधी सांगितला आहे, तर तेविसाव्या अध्यायात सर्व लोकांनी काम बंद ठेवावे आणि स्वतःच्या जिवाला क्लेश द्यावा अशी आज्ञा आहे. ‘उपवास’ हा शब्द त्या आज्ञेत येत नाही. जिवाला क्लेश देणे म्हणजे अन्नपाणी वर्ज्य करणे हा अर्थ परंपरेने निश्चित केला.

यरुशलेममध्ये मंदिर उभे होते त्या काळातील विधीचे तपशीलवार वर्णन ‘मिश्ना’ या ग्रंथात मिळते. मिश्ना म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून तिसऱ्या शतकाच्या आरंभापर्यंत संकलित झालेला मौखिक धर्मनियमांचा संग्रह, आणि त्यातील ‘योमा’ हे प्रकरण या दिवसासाठीच राखून ठेवलेले आहे. ‘योमा’ या अरमाई शब्दाचा अर्थ नुसता ‘तो दिवस’ असा आहे, कारण कोणता दिवस हे वेगळे सांगण्याची गरजच नव्हती. मुख्य याजकाला सात दिवस आधी घरापासून वेगळे ठेवले जाई, त्याच्याकडून विधीची उजळणी करून घेतली जाई आणि आदल्या रात्री त्याला झोप लागू नये म्हणून धर्मग्रंथांचे वाचन चालू ठेवले जाई. त्या दिवशी तो पाच वेळा स्नान करी आणि दहा वेळा हातपाय धुई. विधीच्या मुख्य भागासाठी तो सोन्याने नटलेली नेहमीची वस्त्रे उतरवून साधी पांढरी तागाची वस्त्रे घाली.

मंदिरातील परमपवित्र स्थानात वर्षातून केवळ याच दिवशी आणि केवळ मुख्य याजकाने प्रवेश करावयाचा असे. तेथे तो धूप जाळी आणि बलीचे रक्त शिंपडी. आपल्या व आपल्या घराच्या, मग याजकवर्गाच्या आणि शेवटी सर्व इस्राएल लोकांच्या पापांची कबुली तो तीन वेळा उच्चारी. दोन बोकडांवर चिठ्ठ्या टाकल्या जात. एकाचा बळी परमेश्वराला दिला जाई, तर दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांच्या पापांची कबुली दिल्यानंतर तो ‘अजाजेल’कडे, म्हणजे ओसाड रानात, पाठवला जाई. इतरांच्या अपराधाचे ओझे ज्याच्यावर लादले जाते अशा माणसासाठी अनेक युरोपीय भाषांत रूढ असलेली प्रतिमा याच बोकडावरून आली आहे. याजक त्या गूढ स्थानातून सुखरूप बाहेर आला म्हणजे तो आपल्या मित्रांना मेजवानी देत असे, असे मिश्ना नोंदवते. त्यावरून त्या काही क्षणांविषयी लोकांच्या मनात केवढी धास्ती असे याची कल्पना येते.

मंदिर गेले, दिवस राहिला

इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्याबरोबर बळी, धूप, याजकाची सेवा आणि परमपवित्र स्थान हे सर्व संपले, आणि ज्या दिवसाचा सारा विधी एका इमारतीवर व एका माणसावर अवलंबून होता तो दिवस पुढे पाळायचा कसा हा प्रश्न उभा राहिला. त्या काळचे थोर धर्मगुरू योहानान बेन जक्काई यांच्याविषयी परंपरेत सांगितले जाते की मंदिराचे भग्नावशेष पाहून शोक करणाऱ्या शिष्याला त्यांनी धीर दिला आणि मंदिराइतकेच प्रायश्चित्त घडवणारे दुसरे साधन अजून हाती आहे, ते म्हणजे परोपकार, असे समजावले. बळीची जागा प्रार्थना, पश्चात्ताप आणि दानधर्म यांनी घेतली. एका याजकाने सर्वांच्या वतीने करावयाची कबुली आता प्रत्येकाने स्वतः उच्चारावयाची झाली, आणि एका मंदिरापुरता असलेला दिवस जगाच्या पाठीवर जेथे जेथे ज्यू राहत तेथे तेथे पाळता येऊ लागला. ज्यू धर्म दोन हजार वर्षे भूमीवाचून आणि मंदिरावाचून टिकला याचे एक मोठे कारण या बदलात आहे.

जुन्या विधीची स्मृती मात्र टाकून दिली गेली नाही. आजही दुपारच्या ‘मुसाफ’ या जादा प्रार्थनेत मुख्य याजकाच्या सेवेचे संपूर्ण वर्णन म्हटले जाते, आणि याजकाच्या तोंडून ईश्वराचे नाव ऐकताच लोक जमिनीवर पालथे पडत त्या प्रसंगाचा उल्लेख आल्यावर अनेक सिनेगॉगांत उपस्थित लोक गुडघे टेकून भूमीला मस्तक लावतात. रोश हशाना सोडला, तर एरवी ज्यू प्रार्थनेत अशा साष्टांग प्रणामाची पद्धत राहिलेली नाही.

पाच वर्ज्ये आणि जिवाची राखण

मिश्नाने या दिवशी पाच गोष्टी वर्ज्य ठरवल्या आहेत : खाणेपिणे, स्नान करणे, अंगाला तेल किंवा सुगंधी द्रव्य लावणे, चामड्याचे पायताण घालणे आणि स्त्रीपुरुष समागम. याशिवाय शब्बाथला निषिद्ध असलेली सर्व कामे याही दिवशी निषिद्ध असतात. मराठी वाचकाला परिचित असलेल्या उपवासात फराळाचे पदार्थ चालतात, पण योम किप्पूरचा उपवास कडकडीत निर्जळी असतो आणि त्यात पाण्याचा घोटही घेतला जात नाही. तोंड धुणे किंवा मौजेसाठी अंघोळ करणे टाळले जाते, मात्र हाताला घाण लागली तर ती धुण्यास आडकाठी नाही. चामडे वर्ज्य असल्यामुळे पांढऱ्या कपड्यांतील प्रतिष्ठित वृद्ध गृहस्थही त्या दिवशी कापडी किंवा रबरी चपला घालून प्रार्थनेला येतात.

ज्यू वर्षात आणखीही उपवास आहेत. त्यांपैकी आव महिन्याच्या नवव्या दिवसाचा उपवास याच लांबीचा आणि याच वर्ज्यांचा असतो, परंतु तो मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचा दिवस आहे. योम किप्पूर हा शोकदिन नाही. या दिवशी पांढरी वस्त्रे घातली जातात, घर आवरून सजवले जाते, आणि आदल्या दिवशी पोटभर जेवणे हेदेखील धर्मकृत्य मानले जाते. नवव्या दिवशी जेवणाऱ्याला नववा व दहावा असे दोन्ही दिवस उपवास केल्याचे पुण्य लाभते, असे ‘तालमूद’ या मिश्नावरील विस्तृत चर्चाग्रंथात म्हटले आहे. क्षमा मिळणार हा भरवसा या दिवसात आधीपासून गृहीत आहे, आणि म्हणून त्याच्या गांभीर्यात भीतीइतकाच आनंदही मिसळलेला आहे.

नियम जितके कडक, तितकेच ते सैल कोठे करावेत याविषयीचे मार्गदर्शनही नेमके आहे. लहान मुलांना उपवास बंधनकारक नाही. वयात येण्याच्या एकदोन वर्षे आधीपासून त्यांना काही तास भूक सोसण्याची सवय लावावी, आणि मुलीने बारा व मुलाने तेरा वर्षे पूर्ण केल्यावर पूर्ण उपवास करावा, अशी पद्धत आहे. आजारी माणसाला जाणकारांच्या सल्ल्याने अन्न द्यावे, जाणकार हजर नसतील तर त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून द्यावे, आणि भुकेने ज्याची शुद्ध हरपू लागली आहे त्याला त्याच्या डोळ्यांत पुन्हा तेज येईपर्यंत, प्रसंगी निषिद्ध अन्नसुद्धा भरवावे, असे मिश्ना सांगते. आपल्याला अन्नाची गरज आहे असे रुग्ण म्हणत असेल, तर उलट मत देणाऱ्या वैद्यांपेक्षा रुग्णाचा शब्द वरचढ ठरतो. ज्याच्या जिवाला तातडीचा धोका नाही पण पूर्ण उपवास झेपणार नाही, अशा रुग्णाने नियमभंग ठरणाऱ्या मात्रेहून कमी अन्न ठरावीक अंतराने घ्यावे, अशी सोयही पुढील काळातील धर्मशास्त्राने करून ठेवली. ही मात्रा मिश्नाने एका टपोऱ्या खजुराइतकी सांगितली आहे.

या सर्वांमागे ‘पिकुआख नेफेश’ हे तत्त्व आहे. त्याचा अर्थ जीव वाचवणे असा असून, प्राणावर बेतले असता जवळजवळ सर्व धर्मनियम बाजूला ठेवावेत असे ते सांगते. 1848 मध्ये विल्ना, म्हणजे आजच्या लिथुआनियाची राजधानी विल्निअस, येथे पटकीची साथ पसरली असता रब्बी, म्हणजे धर्मगुरू, इस्राएल सलांटर यांनी लोकांना योम किप्पूरच्या दिवशी खाण्यास सांगितल्याची हकीकत ज्यू समाजात आजही आदराने सांगितली जाते. ज्याला वैद्याने अन्न घेण्यास सांगितले आहे, त्याने हट्टाने उपवास करणे हे पुण्य नसून तो नियमाचा भंगच ठरतो, ही गोष्ट धर्मगुरू दरवर्षी नव्याने सांगतात.

परत फिरणे

उपवास हे या दिवसाचे सर्वांत ठळक अंग असले तरी त्याचा हेतू तेवढ्याने पुरा होत नाही. पश्चात्तापासाठी हिब्रूत ‘तेशुवा’ हा शब्द आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ परत फिरणे असा होतो. वाट चुकलेला माणूस योग्य रस्त्यावर परत येतो, तसे माणसाने आपल्या कर्तव्याकडे व ईश्वराकडे परतावे, ही त्यामागची कल्पना आहे. बाराव्या शतकातील महान धर्मशास्त्रज्ञ, वैद्य व तत्त्वज्ञ मोशे बेन मैमोन, ज्यांना मैमोनिदेस या नावाने ओळखले जाते, त्यांनी तेशुवाचे नियम स्वतंत्रपणे सूत्रबद्ध केले. चूक थांबवणे, ती पुन्हा न करण्याचा निश्चय करणे, झाल्या गोष्टीची खंत बाळगणे आणि शब्दांत कबुली देणे असे तिचे घटक त्यांनी सांगितले. संपूर्ण पश्चात्तापाची त्यांनी दिलेली कसोटी अधिकच कठोर आहे : ज्या परिस्थितीत चूक घडली तीच परिस्थिती पुन्हा उद्भवली, चूक करण्याची शक्ती व संधीही तशीच होती, आणि तरीही माणूस केवळ पश्चात्तापामुळे तिच्यापासून दूर राहिला, तरच त्याची तेशुवा पुरी झाली.

याहून महत्त्वाचा नियम मिश्नाच्या योमा प्रकरणाच्या अखेरीस आहे. माणूस आणि ईश्वर यांच्यामधल्या अपराधांचे प्रायश्चित्त हा दिवस घडवतो, पण माणूस आणि माणूस यांच्यामधल्या अपराधाचे प्रायश्चित्त, दुखावलेल्या माणसाची समजूत काढल्याखेरीज, हा दिवसही घडवू शकत नाही. तेथेच असेही बजावले आहे की आधी पाप करू आणि मग योम किप्पूरला ते धुऊन टाकू असा हिशेब जो करतो, त्याच्या वाट्याला हा लाभ येत नाही. म्हणून आदल्या दिवसांत लोक नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे, व्यवहारातील सोबत्यांकडे जाऊन क्षमा मागतात, देणे राहिले असेल तर ते चुकते करतात आणि मोडलेले बोलणे पुन्हा सुरू करतात. क्षमा नाकारली गेली तर तीन माणसांना बरोबर घेऊन पुन्हा जावे, असे तीन वेळा करावे, आणि दुखावलेला माणूस मरण पावला असेल तर दहा जणांच्या उपस्थितीत त्याच्या थडग्यापाशी कबुली द्यावी, असे मैमोनिदेस सांगतात. दुसऱ्या बाजूला, मनापासून मागितलेली क्षमा नाकारत राहणाऱ्याला ते क्रूर ठरवतात. देवाला शरण जाणे सोपे आणि शेजाऱ्याचे दार ठोठावणे अवघड, हे मनुष्यस्वभावाचे सत्य या नियमांनी ओळखले आणि अवघड गोष्टीलाच आधीचे स्थान दिले, यात या परंपरेचे मोठेपण आहे.

पाच प्रार्थनांचा दिवस

एरवीच्या दिवशी तीन आणि शब्बाथ व सणाच्या दिवशी चार प्रार्थना असतात; पाच प्रार्थना केवळ योम किप्पूरलाच होतात. आरंभ सूर्यास्तापूर्वी ‘कोल निद्रे’ या पाठाने होतो. तोराच्या गुंडाळ्या बाहेर काढून हातांत धरल्या जातात आणि ‘तालित’, म्हणजे एरवी दिवसाच वापरला जाणारा झालरीचा प्रार्थनेचा शेला, या संध्याकाळीही अंगावर घेतला जातो. कोल निद्रे ही खरे तर प्रार्थना नसून अरमाई भाषेतील एक कायदेशीर मसुदा आहे, ज्यात माणसाने ईश्वराला उद्देशून अविचाराने केलेले नवस व शपथा रद्द केल्याचे जाहीर केले जाते. नवव्या शतकातील बाबिलोनच्या धर्मपीठांतील काही प्रमुखांनी तो वाचण्यास विरोध केला होता, आणि ज्यूंची शपथ भरवशाची नसते असा आरोप करण्यासाठी शत्रूंनी त्याचा शतकानुशतके गैरवापर केला. म्हणून दुसऱ्या माणसाला दिलेला शब्द, करार किंवा न्यायालयातील शपथ यांना हा पाठ लागू होत नाही, हे धर्मगुरूंना वारंवार स्पष्ट करावे लागले. विरोधानंतरही तो टिकला आणि तीनदा चढत्या आवाजात गायिला जाणारा हा पाठ या दिवसाची ओळख बनला.

रात्रीपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ‘विदुई’, म्हणजे पापांची कबुली, पुनःपुन्हा म्हटली जाते. पापांची यादी हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने लावलेली असते आणि प्रत्येक शब्दागणिक मुठीने छातीवर हलका आघात केला जातो. या यादीची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्याजोगी आहेत. पहिले असे की ती सर्वत्र ‘आम्ही’ या अनेकवचनात आहे. ज्याने चोरी केलेली नाही तोही आम्ही चोरी केली असे म्हणतो, कारण समाजातील अपराधाची जबाबदारी साऱ्या समाजाची मानली आहे आणि खऱ्या अपराध्यालाही सर्वांच्या आवाजात आपला आवाज मिसळून कबुली देता येते. दुसरे असे की तिच्यात पूजापाठातील उणिवांपेक्षा निंदा, चहाडी, उद्धटपणा, लाच, आईवडिलांचा व गुरूंचा अनादर अशा माणसामाणसांतील अपराधांचाच भरणा अधिक आहे.

सकाळच्या वाचनासाठी निवडलेला यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातील उताराही याच दिशेने जातो. उपवासाच्या दिवशीच जे भांडतात आणि आपल्या मजुरांना पिळतात त्यांचा उपवास देवाला नको आहे, आणि अन्यायाच्या बेड्या तोडणे, भुकेल्याला आपल्यातली भाकर देणे, उघड्याला वस्त्र देणे हाच त्याला हवा असलेला उपवास आहे, असे यशया ठणकावतो. उपवासाने व्याकूळ झालेल्या समूहासमोर उपवासावरचीच ही टीका दरवर्षी वाचली जाते. दुपारी योना संदेष्ट्याची कथा वाचतात. निनवे या परक्या शहरातील लोकांनी गोणपाट नेसून उपवास केला आणि त्यांच्यावरचे संकट टळले, अशी ती कथा आहे. पण देवाने त्यांचे गोणपाट आणि उपवास पाहिले असे ग्रंथ म्हणत नाही, ते वाईट मार्गापासून वळले ही त्यांची कृती त्याने पाहिली असे म्हणतो, याकडे मिश्नाने आवर्जून लक्ष वेधले आहे.

सूर्य कलू लागल्यावर पाचवी प्रार्थना ‘नेइला’ सुरू होते. नेइला म्हणजे दार लावणे. मुळात हा उल्लेख संध्याकाळी मंदिराची दारे लागण्याचा होता, आणि पुढे स्वर्गाची दारे मिटण्याच्या घटकेला दिलेले ते नाव झाले. तोराच्या गुंडाळ्यांचे कपाट उघडे ठेवले जाते आणि अनेक लोक ही सारी प्रार्थना उभ्यानेच करतात. अखेरीस ईश्वर एक असल्याची ग्वाही देणारा ‘शेमा’ एकदा मोठ्याने म्हटला जातो आणि मेंढ्याच्या शिंगापासून केलेले ‘शोफार’ हे वाद्य फुंकून दिवसाची सांगता होते. उपवास सोडल्यावर त्याच रात्री अनेक जण, पाच दिवसांनी येणाऱ्या ‘सुक्कोत’ या सणासाठी, मांडवाचा पहिला खांब ठोकतात.

कोकणातील दरफाळणी

बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले आणि हिब्रू भाषा कालांतराने विसरली गेली. रायगड परिसरातील गावांत तेलाचे घाणे चालवताना त्यांनी शनिवारी काम बंद ठेवण्याचा नियम मात्र सोडला नाही, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. सुंता, खाण्यातील काही निर्बंध, काही सण आणि ‘शेमा’ एवढा ठेवा त्यांच्यापाशी उरला होता; प्रत्येक धार्मिक प्रसंगी ते शेमाच म्हणत.

सणांची हिब्रू नावे विसरली गेल्यावर त्यांनी ती मराठीत नव्याने घडवली, आणि ती घरातून व स्वयंपाकघरातून आली. तिश्रीच्या आरंभीचा नववर्षदिन ‘नव्याचा सण’ झाला, त्यानंतर ‘खिरीचा सण’ आला, आणि आव महिन्यातील शोकाचा उपवास वालाच्या बिरड्याने सोडला जाई म्हणून तो ‘बिरड्याचा सण’ झाला. योम किप्पूरला नाव मिळाले ‘दरफाळणीचा सण’, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 मध्ये पूर्ण केलेल्या आणि 1937 मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या जुन्या रीतींची नोंद केली आहे. आदल्या दिवशी स्नान करून, दिवस मावळण्याआधी जेवण उरकून सारे कुटुंब घरात राही, दारे बंद होत आणि दुसऱ्या दिवसाची रात्र पडेपर्यंत बाहेरच्या कोणाशीही संपर्क ठेवला जात नसे. सिनेगॉग नव्हते, प्रार्थनेचे पुस्तक नव्हते, कबुलीची यादी नव्हती. होते ते केवळ बंद दार, रिकामे पोट आणि घरातली माणसे. नेइला या शब्दाची ज्यांना ओळख उरली नव्हती त्यांनी आपल्या भाषेत या दिवसाला दार लावण्याचेच नाव द्यावे, हा योगायोग असला तरी फार बोलका आहे.

दरफाळणीनंतरच्या दिवसाला ते ‘शिळा सण’ म्हणत. त्या दिवशी दारे उघडत, गोरगरिबांना दान दिले जाई आणि आप्तेष्टांच्या घरी जाणेयेणे होई. मिश्ना किंवा मैमोनिदेस यांचे ग्रंथ हाती नसलेल्या या समाजाने माणसांशी असलेले नाते सांभाळण्याचे अंग अशा रीतीने उपवासाला जोडून ठेवले होते.

पुढे कोचीनच्या ज्यूंशी संबंध आल्यावर विस्मृतीत गेलेला धर्माचार परत शिकवला गेला. या कामाचे श्रेय समाज दाविद रहाबी यांना देतो. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, यांनी 1796 मध्ये समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले, आणि त्याचे ‘शाआर हाराहामीम’ हे नाव दयेचे द्वार या अर्थाचे आहे. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, त्यामुळे क्षमायाचनेचे शब्द मराठी बोलणाऱ्या ज्यूंना अर्थासह कळू लागले. मुंबई, ठाणे, पुणे, पनवेल आणि अलिबाग येथील सिनेगॉगांत कोल निद्रेपासून शोफारपर्यंतचा सारा क्रम सेफार्दी पद्धतीने पाळला जाऊ लागला. जुन्या घरगुती चालीही पूर्ण गेल्या नाहीत : रवा आणि नारळाचे गोड सारण भरलेली, करंजीसारखी दिसणारी ‘पुरी’ या सणाशी जोडलेली आहे, आणि दोन्ही हातांनी समोरच्याचे हात स्पर्शून मग आपली बोटे ओठांना लावण्याची ‘हातबोशी’ ही अभिवादनाची रीत सिनेगॉगमध्ये आजही दिसते.

आजचा दिवस

1948 मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बेने इस्राएल समाजातील बहुसंख्य लोक तेथे स्थलांतरित झाले आणि अश्दोद, दिमोना, बीरशेबा, लोद अशा शहरांत स्थायिक झाले. त्या देशात योम किप्पूरला विमानतळ बंद असतो, सार्वजनिक वाहतूक थांबते, आकाशवाणी व दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण बंद राहते आणि रस्ते इतके मोकळे होतात की मुले मोठ्या हमरस्त्यांवरही सायकली चालवतात. 6 ऑक्टोबर 1973 रोजी, याच दिवशी, इजिप्त व सीरिया यांनी इस्राएलवर हल्ला केला; तेव्हा शांत शहरांत भोंगे वाजले आणि सैनिकांना सिनेगॉगमधून उठून आघाडीवर जावे लागले. जीव वाचवण्यासाठी उपवास सोडावा हा नियम त्या दिवशी अनेकांना पाळावा लागला, आणि त्या युद्धालाही योम किप्पूरचे नाव कायमचे जोडले गेले.

मंदिरातील याजकापासून नवगावच्या तेल्यापर्यंत आणि विल्नाच्या रब्बीपासून आजच्या शहरी ज्यूपर्यंत या दिवसाचे बाह्य रूप वारंवार बदलले. बळी गेले, याजक गेले, काही ठिकाणी ग्रंथही गेले. तरी वर्षातून एक दिवस सर्व कामे थांबवून आपल्या वागण्याचा हिशेब स्वतःपुढे मांडण्याची आणि ज्याचे देणे लागतो त्याच्याकडे जाण्याची रीत टिकून राहिली. भूक ही या दिवशी केवळ साधन असते, आणि दुखावलेल्या माणसाची समजूत काढल्यावाचून केलेला उपवास अपुराच राहतो, हा त्याचा निर्णायक नियम आहे. ग्रंथ हरवलेल्या कोकणातल्या एका लहानशा समाजाने दरफाळणीला दार लावले आणि शिळ्या सणाला ते गरिबासाठी व आप्तांसाठी उघडले. योम किप्पूरचे सार या दोन मराठी नावांत पुरेपूर सामावले आहे.